राघो वायरमनचा डावा हात

"वयनी, पाट द्या."

राघो वायरमन आमच्या घरात शिरला की पहिलं वाक्य हे. पाणी नको, चहा नको, बसायला चटई नको. पाट. पहिल्यांदा त्यानं असा पाट मागितला तेव्हा सासूबाईंना वाटलं, बिचारा सकाळपासून उपाशी दिसतोय, जेवायचं म्हणतोय. त्यांनी कौतुकानं पाट मांडला, शेजारी तांब्या-भांडं ठेवलं आणि मला म्हणाल्या, "भाकरी आहे ना गं शिल्लक?" तोवर हा बाबा त्या पाटावर दोन्ही पाय रोवून उभा! ज्या पाटावर देव बसतात, नवरा-नवरी बसतात, त्यावर हा मेला धुळीच्या पायांनी उभा राहून भिंतीवरच्या बटणाकडे बघतोय.

"अरे अरे! पाय काय देतोस पाटावर? लाज आहे का काही?"

"काकी, लाकडावर हुबा ऱ्हायलो म्हंजे ती मला वळखत नाय," तो शांतपणे म्हणाला. "भुईवर हुबा ऱ्हायलो का लगीच वळखते."

ती म्हणजे वीज. राघोनं तिचं नाव कधी घेतलं नाही. आमच्या घरात बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसा तो विजेचं घेत नसे. ती आली, ती गेली, ती आज कुठं अडकली बघतो. सासूबाई चार दिवस धुसफुसल्या आणि मग त्यांनीच माळ्यावरून एक जुना, कडा उडालेला पाट काढून घासून ठेवला. "हा राघोचा. ह्यावर कुणी जेवायला बसायचं नाही," असं घरात जाहीर झालं.

ही गोष्ट एकोणीसशे तीसच्या आसपासची. खोपोलीला घाटाच्या पायथ्याशी कंपनीनं कारकुनांसाठी खोल्या बांधल्या होत्या. आमचे हे कंपनीच्या कचेरीत होते. मागं डोंगरावरून पाण्याचे ते अजस्र नळ उतरत होते आणि वीजघराची घरघर दिवसरात्र चालू असायची. नवीन माणसाला तिचा त्रास व्हायचा, आम्हाला ती थांबली तर भीती वाटली असती. खालापूरला तालुका कचेरीच्या कामाला जाणारे लोकसुद्धा वाट वाकडी करून आमच्या खोल्यांतले दिवे बघायला येत. तिथल्या सगळ्या खोल्यांच्या तारा, बटणं, दिवे एकट्या राघोच्या ताब्यात होते.

तो साजगावच्या बाजूचा. काळा, काटक, डोक्याला लाल फडकं, खाकी चड्डी आणि कमरेला करगोट्यावर आवळलेला एक कातडी पट्टा. त्या पट्ट्यात उजव्या अंगाला हत्यारं, आणि डाव्या अंगाला त्याचा डावा हात. हो, हातच. मनगटापर्यंत खोचलेला. सगळं काम तो एका उजव्या हातानं करायचा. पेचकस लागला की पक्कड दातात, पक्कड लागली की पेचकस दातात. दोन तारांचा एक दिवा त्याच्या गळ्यात लोंबत असे, ती कुठंवर आली आहे हे बघायला. तोंडात हत्यार असताना बोलायचा, ते आम्हाला कळायचं नाही आणि आम्ही हसायचो. त्या खोल्यांत जिथंतिथं तारा, त्यामुळे त्याचा तो हात बाहेर आलेला आम्ही पाहिलाच नव्हता. देवळात गेला तरी एकच हात कपाळाला लावायचा. लोक म्हणत, राघोला मिजास आली आहे, देवालासुद्धा साहेबासारखा सलाम ठोकतो.

मीही तसंच समजत होते. एकदा थट्टेनं विचारलं, "काय रे राघो, दुसरा हात नवसाला ठेवलायस की काय?"

तो हसला नाही. पेचकस दातातून काढून पट्ट्यात खोचला आणि म्हणाला, "माजा थोरला भाव व्हता, चांगो. आमी दोगं नळ वाहायला आलो, मंग संगतीच तारंवर चढलो. त्यानं तिला दोनी हातांनी धरली. एका हातानं धरली का ती झटका देऊन सोडते वयनी. दोनी हातांनी धरली का छातीतनं जाते." आणि मग, "खाली मी व्हतो," एवढंच.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून मी त्याला राघोदादा म्हणायला लागले. सासूबाई मात्र शेवटपर्यंत "अरे राघ्या" म्हणायच्या, आणि त्याला तेच आवडायचं.

तो कामाला यायचा तो आधी माणसांची चौकशी करायचा, तारांची मागाहून. दिवा लागत नाही म्हटलं की तो भिंतीकडे बघायचाच नाही. "सकाळधरनं काय काय केलंत ते सांगा," म्हणायचा. कुणी खिळा ठोकला, कुणी धुणं वाळत घातलं, कुणाच्या पोरानं बटणाशी खेळ केला. सगळं ऐकून घ्यायचा आणि मग सरळ त्या जागी जायचा. आणि चूक कुणाची, ते कधी सांगायचा नाही. शेजारच्या बाईंनी तारेवर ओलं लुगडं टाकून सगळ्या ओळीचे दिवे घालवले होते, तेव्हासुद्धा हा म्हणाला, "जुनी तार व्हती, मी बदलायला पायजे व्हती." त्या बाई आठ दिवस त्याला नावं ठेवत होत्या. मी तेव्हा त्याला भित्रा समजले होते.

आमच्या खोलीत दिवा बसवला तो दिवसही डोळ्यांपुढे आहे. भर दुपारी काम संपलं. राघोदादा बटण दाबून बघणार, तर सासूबाई आडव्या. "दुपारी दिवा लावायचा नाही माझ्या घरात. दिवेलागणीला लावायचा." दुसरा कुणी असता तर म्हातारीला हसून बटण दाबून निघून गेला असता. हा पायरीवर जाऊन बसला. कंपनीचा माणूस बोलवायला आला, त्याला म्हणाला, "काम चालू हाय." ऊन उतरलं, गुरं परतली, तेव्हा सासूबाईंनी पदर सारखा करून बटण दाबलं. दिवा लागला. आम्ही सगळ्यांनी सवयीनं हात जोडले, आणि दारातून राघोदादानं आपला एक हात कपाळाला लावला. त्यानंतर संध्याकाळी आमच्या खोल्यांवरून जाताना दिवेलागण झाली असली, तर तो पायरीशी क्षणभर थांबायचा, कपाळाला हात लावायचा आणि पुढं जायचा. मला त्याची इतकी सवय झाली की तो दिसला नाही तर दिवा लावल्यासारखंच वाटायचं नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. ते इतकी वर्षं पोटात ठेवलं.

माझी पहिली दोन बाळं राहिली नव्हती. एक जन्मताच गेलं, एक नऊ दिवसांचं होऊन. दोन्ही वेळा सासूबाईंनी स्वतःच्या हातांनी गुंडाळून दिली होती. तिसरी इंदू, तीही सातव्याच महिन्यात झाली. दोन तळहातांवर मावेल एवढी. खालापूरहून येणारे डॉक्टर मोठे जिद्दीचे. म्हणाले, हिला सतत ऊब पाहिजे. त्यांनी राघोदादाकडून एक लाकडी पेटी करून घेतली, वर काच, खाली आतल्या बाजूला चार दिवे. दिव्यांच्या उबेत ही आत निजायची. मला सक्त ताकीद, पेटी उघडायची नाही, बाळाला उचलायचं नाही, वारं लागता कामा नये. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजायचं तेवढंच. चार दिवस आम्ही आळीपाळीनं आतला पारा बघत बसलो. चढला की दिवे बंद, उतरला की चालू. मी बाळंतीण बाई, आणि माझं मूल काचेपलीकडं. सांगते ना, दूध भरून यायचं आणि मी भिंतीकडं तोंड करून रडायची.

पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टर मुंबईहून मागवलेली एक पितळी डबी घेऊन आले. तिच्या झाकणाला भोकं होती आणि आत एक चकती. ऊब वाढली की ती फुगायची, दोन टोकं एकमेकांपासून दूर सारायची आणि दिवे आपोआप बंद. थंड झालं की टोकं जुळायची, दिवे चालू. डॉक्टरांनी त्याचं इंग्रजी नाव सांगितलं, ते आमच्यापैकी कुणाच्या जिभेवर वळेना. राघोदादानं ती पेटीच्या वरच्या कडेला बसवली आणि तिचं नाव ठेवलं, शानी डबी. "वयनी, आता तुमी निजा. ही जागंल," म्हणाला. दुपारभर ती खरंच शहाण्यासारखी वागली. दिवे गेले, आले, गेले, आले. मी पाच दिवसांनी डोळा मिटला.

पण तो पाचवा दिवस होता. पाचवीला सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते. सासूबाई काय सोडणार? उजेड असतानाच त्यांनी पाटा-वरवंटा मांडला, कोरा कागद आणि लेखणी ठेवली, हळदकुंकू वाहिलं. बाळ पाट्यापाशी आणता येईना, म्हणून त्या पेटीपाशी आल्या. पेटीला हळदकुंकू लावलं, डबीला लावलं आणि डोळे मिटून, ओठ हलवत, मूठभर अक्षता वरून टाकल्या. "आई, हिच्या कपाळी मोठं आयुष्य लिही," म्हणाल्या. त्यांचा आवाज असा मी आधी कधी ऐकला नव्हता.

त्या वेळी दिवे बंद होते. बंद होण्याची पाळीच होती, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. येतील आता, म्हणून आम्ही वाट बघत राहिलो. दिवेलागण झाली, खोलीतला दिवा लावला, हात जोडले. पेटीतले दिवे येईनात. "शहाणी आहे ना ती, येईल तिची ती," सासूबाई म्हणाल्या. मी काचेला हात लावला. काच गार. दूध पाजायची झडप उघडून आत बोट घातलं, तर इंदूचा पाय गार. मी अशी ओरडले की शेजारीपाजारी धावले. हे राघोदादाला बोलवायला पळाले.

तो आला. त्या दिवशी त्यानं पाट मागितला नाही. आधी इंदूकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"वयनी, पोरीला भाईर काढा. उघडी करून छातीशी घ्या, वरनं घोंगडी."

"अरे, डॉक्टरांनी हात लावायचा नाही सांगितलंय!" सासूबाई म्हणाल्या.

"आमच्या डोंगराकडच्या वाड्यांवर कुठं पेटी हाय काकी? तिथं अशीच जगवत्यात. काढा वयनी, पेटीचं मी बघतो."

मी इंदूला बाहेर काढलं आणि चोळीच्या आत, अंगाशी धरलं. पाच दिवसांनी पहिल्यांदा. ओल्या पाखरासारखी गार होती ती. ती हलेना, मी घोंगडी आणखी आवळली. काही वेळानं तिनं तोंड हलवलं, काहीतरी शोधल्यासारखं.

तोवर राघोदादा पाटावर चढला होता, पाट सासूबाईंनीच आणून ठेवला. गळ्यातला दिवा त्यानं भिंतीतल्या विजेच्या खुंटीला लावून बघितला, लागला. पेटीच्या तारेला लावला, लागला. "पेटीपोतर येतीया. म्हंजे डबीतच अडलीया." मग नेहमीसारखं, "दुपारधरनं पेटीला कुनाकुनाचा हात लागला?"

सासूबाई म्हणाल्या, "कुणाचा लागणार? मी फक्त पूजा केली."

राघोदादानं त्यांच्याकडं बघितलं. डबीवरचं हळदकुंकू बघितलं. मग खुंटीतून तार काढून, दिवा गळ्यात सोडून, एका हातानं डबीचं झाकण उघडलं. मी त्याच्या बाजूलाच खाटेवर होते, म्हणून मला दिसलं. त्या दोन टोकांच्या मध्ये तांदळाचा एक दाणा अडकला होता. कुंकवानं लाल झालेला, अख्खा. टोकं लांब असताना आत पडला आणि मग त्यानं त्यांना जुळूच दिलं नाही.

राघोदादानं तो चिमटीत धरून काढला. सासूबाई दोन हात अंतरावर उभ्या होत्या, हात जोडून, डोळे पेटीवर. त्याची पाठ त्यांच्याकडं होती. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि दाणा तोंडात टाकला. प्रसाद खावा तसा. गिळला. मग मोठ्यानं म्हणाला, "पेच ढिला ऱ्हायला व्हता. माजीच चूक."

तार खुंटीत घातली आणि चारही दिवे लागले. सासूबाईंनी पेटीपुढं डोकं टेकलं. नंतर त्या येईल त्याला सांगायच्या, "राघ्यानं पेच ढिला ठेवला होता मेल्यानं, पण मी अक्षता टाकल्या होत्या ना, म्हणून पोर वाचली."

थोड्या वेळानं डॉक्टर आले. त्यांना कळल्यावर ते जे संतापले! आणि त्यांचं काय चुकलं? त्यांना खरं माहीतच नव्हतं. "तुझ्या ढिलाईनं मुलगी गेली असती, कळतंय का तुला?" राघोदादा खाली मान घालून उभा. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यानं मान हलवली, नाही म्हणून. बोलले असते तर काय झालं असतं? सासूबाई समोर बसल्या होत्या. दोन नातवंडं गुंडाळून दिलेले ते हात मांडीवर ठेवून. मी गप्प बसले.

डॉक्टरांनी कंपनीच्या साहेबाला सांगितलं आणि साहेबानं राघोदादाला खोल्यांच्या कामावरून काढून कर्जतकडच्या लायनीवर टाकलं. रानातून खांबामागून खांब बघत चालायचं, पावसात, उन्हात. जायच्या आदल्या दिवशी तो मागच्या दारी आला. मी म्हटलं, "राघोदादा, मी ह्यांना सांगते. हे साहेबांना सांगतील. तुमचं नाव का खराब व्हायचं?"

"नगं वयनी. गप ऱ्हावा. काकींना कळलं तर त्या परत कंदी देवापुढं हात जोडायच्या नायत. मला दोन खांब जास्ती चालायला काय हुतंय?"

त्याला मी भित्रा समजले होते!

त्याच्या जागी आलेला वायरमन बूट घालूनच आत यायचा. दोन्ही हातांनी भराभर काम उरकायचा, कुणाला काही विचारायचा नाही. पहिल्या दिवशी सासूबाई राघोदादाचा पाट घेऊन पुढं आल्या, तो म्हणाला, "कशाला?" त्या पाट घेऊन परत गेल्या. रात्री जेवताना मधेच म्हणाल्या, "पेच ढिला ठेवला त्यानं, ते ठेवलाच. पण राघ्या पाट तरी मागायचा गं." मी ताट पुढं सारलं. रोज संध्याकाळी बटण दाबायची, हात जोडायची आणि नजर पायरीकडं जायची. पायरीवर कुणी नसायचं. जवळचं माणूस गेल्यावर जसं होतं तसंच होतं ते, फक्त ते कुणाला सांगता यायचं नाही.

इंदू आठ वर्षांची झाली. धडधाकट, भांडकुदळ, झाडावर चढणारी. सासूबाई तिच्या हातचं पाणी पिऊन गेल्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी तिला घेऊन माहेरी निघाले. कर्जतला गाडी बदलायची होती. फलाटाच्या टोकाला, तारेच्या वेटोळ्यावर एक माणूस बसला होता. डोक्याचं लाल फडकं विटून गुलाबी झालं होतं. डावा हात पट्ट्यात खोचलेला.

"राघोदादा!"

तो उठला. केस पांढरे झाले होते. मला म्हणाला, "वयनी," आणि डोक्याचं फडकं सारखं केलं.

"सासूबाई गेल्या," मी म्हटलं. "आता सगळं सांगते मी साहेबांना. आठ वर्षं झाली, मला जेवण गोड लागत नाही. तुम्हाला परत खोल्यांवर घ्यायला सांगते."

"आता कशाला? मला ह्या रानाची सवय झाली." मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "काकींना कळलं नाय ना?"

"नाही. शेवटपर्यंत तुम्हाला शिव्याच देत होत्या."

तो हसला. इतकं मोकळं हसताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं. "बरं झालं," म्हणाला. मग त्याची नजर माझ्यामागं उभ्या असलेल्या इंदूवर गेली. "ही पेटीतली?"

"हीच. इंदू, पाया पड."

ती वाकली. आणि राघोदादानं पट्ट्यातून डावा हात काढला. उजव्यापेक्षा तो उजळ होता, ऊन न लागलेला. दोन्ही हात त्यानं इंदूच्या डोक्यावर ठेवले आणि तसेच ठेवून उभा राहिला. इंदू चुळबुळायला लागली तरी त्यानं ते काढले नाहीत. मग तिच्या गालांना लावून बघितले, तळव्यांनी, नीट.

"गरम हाय," तो मला म्हणाला. "चांगली गरम हाय पोरगी."

मला रडू आवरेना. तेवढ्यात आमची गाडी लागली, हमालानं ट्रंक उचलली, इंदू धावत पुढं गेली. मी खिडकीशी बसून बाहेर बघितलं. गाडी हलली. राघोदादा फलाटाच्या टोकाला, त्या खांबाखाली, तारांखाली उभा होता, आणि डावा हात परत खोचायचं विसरला होता.